श्रीरंगदादाचं रिंगण

श्रीरंग घाडीगावकरला कॉलेज सोडून वीस-बावीस वर्षं झाली होती. म्हणजे कागदोपत्री झाली होती. एरवी हा माणूस कॉलेज सोडायला तयारच नव्हता. आचोळ्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, वसई पूर्वेला एका पॅकिंगच्या कारखान्यात सुपरवायझरची नोकरी, शाळेत शिकवणारी बायको विनया, सगळं कसं जागच्या जागी होतं. पण जून उजाडला, कॉलेजच्या आवारात पहिल्या वर्षाची पोरं दिसायला लागली, की याच्या अंगात यायचं. विद्यापीठाचा युवा महोत्सव, मग आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, त्यासाठी नवी पोरं, नवी तालीम. वर्षाच्या सगळ्या रजा त्या तालमीवर खर्ची पडायच्या. मानधन शून्य. वर पोरांना वडापाव याच्याच खिशातून.

"लष्कराच्या भाकऱ्या भाजताना हात पोळलेले चालतात तुम्हाला," विनया म्हणायची, "घरची एक पोळी उलटायला सांगितली की मात्र मनगट दुखतं."

श्रीरंग हसायचा. पोरांच्या बापांचं वय आणि याचं वय एकच, पण कॉलेजात तो दादाच होता. श्रीरंगदादा. हे 'दादा' ऐकलं की त्याची पाठ ताठ व्हायची, आणि कारखान्यात साहेबाच्या शिव्या खाल्लेला माणूस कॉलेजच्या मागच्या हॉलमध्ये शिरताना साहेबच होऊन शिरायचा.

आता खरं सांगायचं तर श्रीरंगला नाटकातलं कळत होतं. अगदीच दगड नव्हता तो. पण कळणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. शिकवायची त्याची एक पद्धत होती, ती त्याची स्वतःची, आणि तिचा त्याला भारी अभिमान. तालीम संपली की खुर्च्या गोल मांडायच्या. सगळे खुर्च्यांवर, एकजण मधोमध फरशीवर. मग खुर्चीवरच्या प्रत्येकानं खाली बसलेल्याला सांगायचं, आज तुझं काय वाईट झालं. चांगलं सांगायचंच नाही. याला तो रिंगण म्हणायचा.

रिंगणाचे नियम तो दर वर्षी पहिल्या दिवशी सांगायचा. मधल्यानं तोंड उघडायचं नाही. मधल्यानं रडायचं नाही, कारण रडणं म्हणजे उत्तर देणंच. दादा 'ऊठ' म्हणेपर्यंत उठायचं नाही. आणि ज्याला खालच्याबद्दल बोलावंसंच वाटत नाही, त्यानं फक्त 'पुढे' म्हणायचं.

"शिव्या खाल्ल्यास तर समज, तू दिसलास," श्रीरंग बोट नाचवत सांगायचा. "पण 'पुढे' मिळालं ना, तर समज, तू स्टेजवर नव्हतासच. लोकांनी तुझ्यातून पलीकडचा पडदा बघितला."

पोरांना पहिल्यांदा गंमत वाटायची. मग पाळी यायची. फरशीवर बसून मान वर करून दहा तोंडांकडे बघावं लागलं की गंमत कुठल्या कुठे पळायची.

राजोडीचा एरॉल म्हणून एक पोरगा होता, काही वर्षांपूर्वी. गळा असा की विचारू नका. पण बोलायला उभा राहिला की पाय थरथरायचे. त्याच्या रिंगणात पहिली पाळी श्रीरंगची होती आणि श्रीरंगनं नुसतं म्हटलं, "पुढे." झालं! दादानंच म्हटलं म्हटल्यावर मेंढरं ती मेंढरंच. पुढे, पुढे, पुढे, सगळा गोल फिरला. दादा 'ऊठ' म्हणेपर्यंत एरॉल बसला, उठला, सगळ्यांना हात जोडले आणि परत कधी आला नाही. आता राजोडीच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी त्याच्या खोल्या आहेत. नाटकाचा ग्रुप तिकडे सहलीला गेला की तो खोली स्वस्तात देतो, तळलेले बोंबील पाठवतो. पण दादा आलेत म्हटल्यावर स्वतः मागच्या दारानं निघून जातो. श्रीरंगला वाटायचं, बिचारा कामात असतो.

यंदा एलिना आली.

पश्चिमेच्या एका गावातली पोरगी, बापाची वाडी, केळी आणि फुलं. बाप एडवर्ड तिला रोज स्कूटरवरून सोडायचा आणि तालीम संपेपर्यंत फाटकाशी उभा राहायचा. एकदा धीर करून तो श्रीरंगला म्हणाला, "सर, पोरीला सांभाळा हां. घरात एकटीच आहे ती आम्हाला."

"नाटकात सांभाळत नाहीत," श्रीरंग म्हणाला. "घडवतात."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! एडवर्ड बिचारा मान हलवून हसला. एवढा शिकलेला माणूस म्हणतोय म्हणजे खरंच असेल.

तर एकांकिका श्रीरंगनंच लिहिलेली होती. मिठागरातलं एक जोडपं. नवरा खाडीत बुडतो, लोक प्रेत आणून बांधावर ठेवतात, आणि बायको प्रेताजवळ बसून तीनच वाक्यं बोलते: "पानी चढतंय. मीठ वेचायचं राहिलंय. उठा ना." मग टोपली उचलते आणि मीठ वेचायला जाते. बायकोचं काम एलिनाला दिलं होतं. नवरा होता हर्षवर्धन, कॉलेजचा सांस्कृतिक सचिव. अर्धं नाटक प्रेत होऊन पडायचं एवढंच त्याचं काम, पण नाटकाबाहेर हे प्रेत भलतं जिवंत होतं. कुणाशी कधी काय बोलावं हे त्याला बरोबर कळायचं.

एलिनाला ती तीन वाक्यं काही जमेनात. पाठ होती, आवाज स्वच्छ होता, पण डोळे कोरडे ठणठणीत. श्रीरंगनं तिला रोज रिंगणात बसवायला सुरुवात केली.

"चेहरा आहे की भट्टीत जायचा राहिलेला पाव?" तो म्हणाला. पोरं खो खो हसली. लाइट बघणारा गॉडफ्रे तेवढा हसला नाही, पण तो एलिनाच्याच गावचा, म्हणून त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. मग एकेकानं तिचे हात, तिची चाल, तिचं उभं राहणं, सगळं सोलून काढलं. एलिना खाली बसून ऐकत राहिली. नियमाप्रमाणे रडली नाही, नियमाप्रमाणे बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर.

"हिच्यात आग आहे," श्रीरंग घरी विनयाला म्हणाला.

"पोरीला रोज भाजताय, मग आग असेलच की," विनया म्हणाली.

प्राथमिक फेरी आठवड्यावर आली आणि एडवर्ड गेला. वाडीत केळीला पाणी सोडता सोडता खाली बसला, तो उठलाच नाही. पुरायला सगळं गाव आलं. नाटकाच्या ग्रुपमधूनही दोघं-तिघं जाऊन आली. श्रीरंग गेला नाही, त्याला तालीम होती. संध्याकाळी त्यानं एलिनाला फोन केला. दोन शब्द सांत्वनाचे बोलला, आणि मग म्हणाला, "उद्या ये. नाटकाला सुतक नसतं."

मग एलिनाची आई हिल्डा फोनवर आली. "येईल ती," हिल्डा म्हणाली. "तिच्या डॅडीला बघायचं होतं तिचं नाटक." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी एलिना काळा ड्रेस घालून आली. फाटकाशी स्कूटर नव्हती, गॉडफ्रेच्या मागे बसून आली होती. हर्षवर्धन प्रेत होऊन आडवा झाला. एलिना त्याच्याजवळ बसली, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "पानी चढतंय." पुढचं वाक्य तिच्या तोंडून निघेना. निघालं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि "उठा ना"ला पाणी गालावर आलं. प्रेतानंसुद्धा डोळे उघडले.

माणसाला माणुसकी असेल तर तो अशा वेळी पोरीच्या डोक्यावर हात ठेवील. श्रीरंगनं खुर्च्या गोल मांडायला सांगितल्या.

एलिना फरशीवर बसली. बाकी कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना, तेव्हा श्रीरंगच बोलला. "काल बाप गेला म्हणून आज रडलीस," तो म्हणाला. "मग स्पर्धेच्या दिवशी कोणाला मारायचं?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच जीभ चावली. एलिनानं मान वर केली नाही. फरशीच्या एका फटीकडे बघत बसली. श्रीरंग म्हणाला, "ऊठ," ती उठली.

नंतर त्यानं तिला बाजूला घेतलं आणि शिकवलं. हो, त्याला त्याच दिवशी शिकवायचं होतं, लोखंड गरम असताना. "बापाच्या पेटीवर मूठभर माती टाकलीस ना? तिचा आवाज कसा आला? तो आवाज धरून ठेव. पहिल्या वाक्याला श्वास धरायचा. दुसऱ्याला तो आवाज आठवायचा. तिसऱ्याला डोळा सोडायचा. आणि मग थांबायचं. एकदम. नळ बंद केल्यासारखं. डोळे पुसायचे, टोपली उचलायची. रडणं कुणालाही आणता येतं पोरी, थांबवायला कलाकार लागतो."

एलिनानं ऐकून घेतलं. मग आठवडाभर तिनं रोज ती माती ऐकली. रोज श्वास धरला, रोज डोळा सोडला, रोज नळ बंद केला. श्रीरंग म्हणेल तितक्या वेळा. कधी संध्याकाळी तीनदा, कधी चारदा.

प्राथमिक फेरीत नाटकानं तोंडात बोटं घालायला लावली. एलिनानं टोपली उचलली तेव्हा परीक्षकांच्या रांगेतल्या एका बाई पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. निकाल लागला: अंतिम फेरीत वसईचं कॉलेज. मुंबईत, मोठ्या नाट्यगृहात!

श्रीरंग हॉलच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. एवढ्या वर्षांत त्याचं एकही नाटक खाडी ओलांडून अंतिम फेरीला गेलं नव्हतं. आणि त्याला दुसरं काही नकोच होतं हो. बक्षीस नको, पैसा नको. तिसरी घंटा झाल्यावर, पडदा उघडायच्या आधी, अंधारात जो आवाज येतो ना, 'लेखक, दिग्दर्शक...', त्याच्यापुढे एकदा, मुंबईच्या त्या थिएटरात, त्याचं नाव यायला हवं होतं. श्रीरंग घाडीगावकर. कारखान्यात मशीनच्या आवाजात तो मनातल्या मनात ते नाव ऐकायचा आणि स्वतःशीच मान डोलवायचा.

चार दिवसांनी सुरुची मॅडमनी त्याला स्टाफरूममध्ये बोलावलं. सांस्कृतिक विभाग त्यांच्याकडे होता. चहा मागवला, बिस्किटं मागवली. बिस्किटं बघूनच श्रीरंगला कळायला हवं होतं.

"दादा, मुलं भेटायला आली होती," मॅडम म्हणाल्या. "हर्षवर्धन आणि सगळीच. त्यांचं म्हणणं असं की अंतिम फेरीसाठी मुंबईचे एक सर येतायत, मालिका करतात ते. त्यांनी हात फिरवला तर नाटक वर जाईल."

"फिरवू देत की हात," श्रीरंग म्हणाला. "मी आहेच."

मॅडमनी बिस्किट चहात बुडवलं. "दिग्दर्शक म्हणून नाव त्यांचं जाईल. लेखक तुम्हीच, ते कोण नाकारतंय? पण तालमीला... मुलं म्हणतात, दादांनी आता यायला नको. तुम्ही एवढं केलंयत. गॅदरिंगला आपण रीतसर शाल-श्रीफळ देऊ."

गरज सरो, वैद्य मरो. श्रीरंगनं कप बाजूला सारला. तो म्हणाला, "पोरं असं म्हणणार नाहीत. त्या हर्षवर्धनची कारस्थानं ही. एलिना नव्हती ना त्यांच्यात?"

"सगळी होती," मॅडम म्हणाल्या.

"मग माझ्या तोंडावर म्हणू देत. रिंगण लावा. मी बसतो मधे. शिव्या घालू देत मला, मी हूं की चूं करणार नाही. पण एकानं, एकानं जरी म्हटलं ना, दादा हवा, तर मी राहणार. कबूल?"

"कशाला उगाच, दादा?"

"कबूल की नाही?"

मॅडमना विषय मिटायला हवा होता. त्या कबूल म्हणाल्या.

घरी विनयानं सगळं ऐकलं आणि भाजी चिरायची थांबली. "शाल घ्या आणि गप घरी या," ती म्हणाली. "कुणाला विचारायला जाऊ नका. तुम्ही त्या पोरांना काय काय बोललायत ते मला तरी सांगितलंयत. त्यांना नाही हो विसरता येणार."

"तुला नाटकवाल्यांचं कळत नाही," श्रीरंग म्हणाला. "शिव्या घालतील, मग रडतील, मग पाया पडतील. दर वर्षी असंच होतं."

तसं दर वर्षी व्हायचं खरं. शेवटच्या प्रयोगानंतर पोरं गळ्यात पडून रडायची. फक्त ती कशासाठी रडतात, सुटलो म्हणून की काय, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

शनिवारी दुपारी खुर्च्या गोल मांडल्या गेल्या. मॅडम दाराशी उभ्या राहिल्या. श्रीरंग मधोमध फरशीवर बसला. मांडी घालताना गुडघा कटकन वाजला, कुणी हसलं नाही. एवढ्या वर्षांत तो इथं पहिल्यांदाच बसत होता. खालून पोरं केवढी मोठी दिसत होती! त्यांच्या चपला त्याच्या तोंडाच्या पातळीला आणि तोंडं पार वर, पंख्यापाशी.

"नियम माहीत आहेत," तो म्हणाला. "माझी कीव करू नका. मी कुणाची केलेली नाही. चल हर्षवर्धन, हाण."

तो तयार होता. रात्रभर त्यानं मनात सगळ्या शिव्या एकदा स्वतःला देऊन बघितल्या होत्या. तुम्ही ओरडता. तुम्ही अपमान करता. तुम्ही जुने झालात. एकेक शिवी त्याला उलट बरीच वाटली होती, कारण प्रत्येक शिवीत तो होता.

हर्षवर्धननं घसा खाकरला. चेहऱ्यावर कसा नम्र भाव! "पुढे," तो म्हणाला.

श्रीरंगला वाटलं, हा भ्याला. शेजारची पोरगी आपल्या ओढणीकडे बघत म्हणाली, "पुढे."

"पुढे."

"पुढे."

आवाज शांत होते. रागाचा लवलेश नाही. श्रीरंगनं तोंड उघडलं आणि नियम आठवून मिटलं. नियम त्याचाच होता. गॉडफ्रेची पाळी आली. गॉडफ्रे त्याच्या घरी जेवला होता, विनयाच्या हातचं सुकट-भाकरी खाऊन बोटं चाटली होती त्यानं. श्रीरंगनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. बोल बाबा, घाल शिवी, पण बोल. गॉडफ्रेनं एकदा एलिनाकडे पाहिलं. मग म्हणाला, "पुढे."

आता एकटी एलिना उरली होती.

श्रीरंगचा जीव तिथंच अडकला होता. हिला मी घडवलंय. हिला कळतं. हिला बोलायला जेवढं आहे तेवढं कुणालाच नाही. बोल पोरी, बापाच्या मातीचं बोल, त्या दिवशीचं बोल, थोबाड फोड माझं. तो मान वर करून तिच्याकडे बघत राहिला, एडवर्ड फाटकाशी बघायचा तसा.

एलिना बोलेना. तिनं श्वास धरला होता. मग तिचे डोळे भरायला लागले. भरले. डाव्या डोळ्यातलं पाणी गालावर आलं. श्रीरंगचेही डोळे भरले. रडतेय! माझ्यासाठी रडतेय. दादा हवा, आता म्हणेल, हे बघ, आता!

आणि नळ बंद केल्यासारखं ते थांबलं.

एकदम. जसं शिकवलं होतं तसं. एलिनानं हाताच्या पालथ्या बाजूनं गाल पुसला, तालमीत पुसायची तीच बाजू, तोच हात. चेहरा कोरडा झाला. ती त्याच्याकडे बघून स्वच्छ आवाजात म्हणाली, "पुढे."

पुढे कुणी नव्हतं. गोल संपला होता.

आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी श्रीरंगच्या मनात पहिलं काय आलं असेल, तर हे, की काय जागा घेतली पोरीनं! यापेक्षा बरं ती कधी करू शकली नसती. मग त्याला उरलेलं कळलं.

खुर्च्या सरकल्या. पोरं उठली. कुणी रागानं गेलं नाही, कुणी पाय आपटले नाहीत. मुंबईचे सर यायची वेळ झाली होती, त्यांना आणायला कुणी स्टेशनवर जायचं याची बोलणी दारातच सुरू झाली. मॅडम म्हणाल्या, "दादा, शालीचं मात्र नक्की हां," आणि त्यांच्या मागोमाग गेल्या. एलिना सगळ्यात शेवटी गेली. मिठाची टोपली कोपऱ्यात होती, ती उचलून घेऊन गेली.

श्रीरंग बसून राहिला. 'ऊठ' म्हणायचा मान या हॉलमध्ये फक्त दादाचा, आणि दादा फरशीवर बसलेला. त्याला वाटलं कुणीतरी परत येईल. पाणी प्यायला, विसरलेला मोबाईल घ्यायला, कशालाही. बाहेर पोरं कशावरून तरी मोठ्यानं हसली, फटफट्या सुरू झाल्या आणि गेल्या.

उन्हं कलल्यावर कॉलेजचा शिपाई शत्रुघ्न आत आला. खुर्च्या एकात एक घालून त्यानं भिंतीला लावल्या. मधोमध माणूस बसलाय हे त्याला अखेरीला दिसलं.

"उठा ना," शत्रुघ्न म्हणाला. "झाडू मारायचं राहिलंय. नवे सर यायचेत."